पोरीचा विस्तव

माझ्या पोरीला मी अंगचोर म्हणायचे.

सारिका. माझी थोरली. आज तिला जाऊन वर्ष झालं. मोबाईलवर टाईप करायला तिनंच शिकवलं होतं. चुका काढू नका, सातवीतनं शाळा सुटली माझी.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. ही जिन्यात मधेच बसायची.

मी एमआयडीसीत दिवसभर टॉवेल शिवून यायचे आणि ही बसलेली दिसायची. डोकंच फिरायचं.

"ऊठ की! चार भाकरी खातीस, जातंय कुटं सगळं?"

"मलाबी तेच कळंना, आई."

मग अजून खाऊ घातलं. दूध, अंडी, पायाचं सूप. आम्ही मेंढरं पाळणाऱ्या घरातली. जनावर दमलं की चारा वाढवायचा, एवढंच ठाऊक.

शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं रिपोर्ट आला. डॉक्टर इंग्लिशमध्ये बोलले. औषध नाही, एवढं मला कळलं.

बाकीचं घरी आल्यावर तिनं सांगितलं. बीएस्सीला होती. मी भाकरी थापत होते.

"आई, लई लई वर्षांमागं सगळे जीव एवढुसे होते, डोळ्याला न दिसणारे. एकानं दुसऱ्याला गिळलं, पण पचवलंच न्हाय. ते आतच ऱ्हायलं आणि अन्नातनं ताकद काढून द्यायला लागलं. एवढी ताकद मिळाली म्हणून पुढं झाडं झाली, मेंढरं झाली, तू झालीस."

"मी मेंढरानंतर व्हय?"

लई हसली.

"ते अजून आपल्या सगळ्यांच्या अंगात हाय. माझ्यात ते नीट पेटत न्हाय. खाल्लेलं पोचतं, पण विस्तव होत न्हाय. आणि ते फक्त आईकडनं येतं. पप्पा सुटले!"

भाकरी तव्यावर करपली.

गावाकडं चूल विझली की शेजारणीकडनं निखारा मागून आणायचो आम्ही. मी पोरीला विझत आलेला निखारा दिला. वर तिलाच विचारत होते, पेटत का न्हाईस.

"म्हंजे मीच मारलं तुला."

"येडी हायस का? तुला आज्जीनं दिला, आज्जीला तिच्या आईनं. पहिल्या जीवापासनं एकदाबी न विझता आलाय. त्याच्यावरच एकवीस वर्षं जगले की मी."

सगळ्या जगाला पुरला तो विस्तव.

माझ्या एका पोरीला पुरला नाही.

परवा धाकटी जिन्यात मधेच बसली.

"काय न्हाय आई. जरा दम खाते."

मी ओरडले नाही. हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसले. मलाच उठवेना.

सारिका, तुझ्याशेजारी एकदाही अशी बसले नाही गं मी.

जा बाई. आता निवांत बस.

कोण उठवणार न्हाय.