वाणात दिलेली झेरॉक्स

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून बायकांना म्युच्युअल फंडाच्या पत्रकाची झेरॉक्स वाटली होती. हा गुन्हा मी आजवर लेखी कबूल केलेला नाही. सोबत स्टीलची वाटी होती, नाही असं नाही. पण वाटी त्या कागदातच गुंडाळलेली होती आणि कागदावरच्या एका आकड्याखाली मी लाल पेनानं रेघ मारली होती. आमचे हे म्हणाले, "अगं, तिळगूळ द्यायचा असतो. तू परतावा काय वाटतेयस?" मी ऐकलं नाही. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, नुकतीच सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, आणि सगळं काही कळण्याचं ते वय असतं.

फंड होता पर्यावरण सांभाळणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेणारा. नफा हातात द्यायचा नाही, आतच वाढू द्यायचा, अशी त्याची रीत. पत्रकावर आजवरच्या परताव्याच्या चार ओळी होत्या: एक वर्ष, तीन वर्षं, पाच वर्षं, दहा वर्षं. आदलं वर्ष बाजाराला फार चांगलं गेलं होतं, त्यामुळे सगळ्यात वरचा आकडा सगळ्यात मोठा. बँकेच्या काचेवर मुदत ठेवीचे दर चिकटवलेले असतात, तसा मी तो वाचला. वर्षाला एवढे मिळणार म्हणजे मिळणारच. उभा जन्म लोकांच्या अर्जांतल्या बारीक चुका काढण्यात घालवलेल्या बाईनं त्या कागदाची शेवटची बारीक ओळ वाचली नाही. मागे मिळालं म्हणून पुढे मिळेलच असं नाही, एवढंच तीत छापलं होतं.

बाकीच्या बायकांनी वाटी ठेवली आणि कागद टाकला. तळमजल्यावरच्या वहिनींनी मात्र कागद सरळ करून पदराखाली धरला. वहिनी रत्नागिरीकडच्या. आमच्या इथल्या खारी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या गाळ्यात पोळीभाजी केंद्र चालवायच्या, पोळ्या मात्र घरीच लाटायच्या. मालक दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवायचा. स्वतःचा गाळा घ्यायचा, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यासाठी साठवलेले पैसे बँकेत होते.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, आमच्या गावच्या खाडीत कारखान्याचं पाणी सोडलं नि मासळी गेली. तसला कारखाना नाही ना ह्यात?"

"छे हो. तसल्यांना वगळायचं, हाच तर ह्या फंडाचा नियम."

त्यांनी निम्मे पैसे त्यात टाकले. मीही टाकले. पुढे वर्षभर मी सोसायटीत अशी मिरवले, जशी काही बाजार मीच उघडते नि मीच बंद करते.

मग बाजार पडला. नवं पत्रक आलं आणि माझ्या लाडक्या वरच्या ओळीत उणे चिन्ह होतं. माझ्या पैशांचं दुःख होतंच, पण घशाशी आला तो वहिनींचा गाळा. मग मी काय केलं? आमची बिल्डिंग दोन विंगची, गच्ची एकच. वहिनींचं दार आमच्या ए विंगच्या जिन्यालगत. मी बी विंगच्या लिफ्टनं वर जायचे, लोकांचे वाळत घातलेले पापड ओलांडून गच्चीवरून आमच्या विंगेत उतरायचे. भाजीची पिशवी घेऊन. गुडघे दुखत असताना. वॉचमन विचारायचा, "आंटी, अपना लिफ्ट बंद है क्या?" मी म्हणायचे, "व्यायाम चाललाय."

दोन आठवड्यांनी गुडघ्यांनी राजीनामा दिला. मी फंडाच्या सल्लागाराकडे जाऊन, लाल रेघेचा कागद पुढे टाकून त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "काकू, एका वर्षाचा आकडा म्हणजे त्या वर्षाचं हवामान. तुम्ही रेघ चुकीच्या ओळीखाली मारलीत." त्यानं मला दहा वर्षांची ओळ दाखवली. त्यातही पडलेली वर्षं होती, वर गेलेल्या वर्षांनी ती भरून काढलेली. पुढे असंच होईल अशी हमी तोही देत नव्हता. मला ते आवडलं. हमी देणाऱ्या माणसाचं मी नुकतंच जवळून दर्शन घेतलं होतं, आरशात.

त्याच दुपारी मी वहिनींच्या दारात गेले. त्या पोळ्या लाटत होत्या. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "वहिनी, मी कागद चुकीचा वाचला. त्याला बँकेचा दर समजले."

लाटणं थांबलं नाही. "मग काढू का पैसे?"

"गाळा लगेच घ्यायचाय?"

"मालक आत्ता कुठला विकतोय. मुलगा अमेरिकेहून परत येत नाही अशी खात्री पटली की विकेल. दहा वर्षं धरा."

"मग नका काढू. मीही काढत नाही. बुडालो तर दोघी."

"बसा," म्हणाल्या, आणि गरम पोळीवर तूप घालून पुढे ठेवली.

नंतरची वर्षं सरळ गेली असं सांगितलं तर ते पुन्हा वाणातल्या झेरॉक्ससारखं होईल. एका वर्षी कोळसा-तेलवाल्यांची चलती होती आणि आमचा सोवळा फंड मागे रेंगाळला. वहिनींचे यजमान म्हणाले, "झाडांना मिठ्या मारा आता." एकदा तर महिन्याभरात इतकं खाली गेलं की मी पत्रक फ्रिजवर उलटं लावलं. पण आम्ही हात लावला नाही. वहिनी उलट दरमहा थोडे थोडे टाकत राहिल्या. आणि त्या सगळ्या चढउतारांचा मेळ आमच्या बाबतीत मुदत ठेवीच्या बराच वर लागला, हे आज मी छाती काढून सांगते. फक्त ह्या वेळी शेवटची बारीक ओळही वाचून दाखवते.

गेल्या वर्षी मालकाला मुलाबद्दलची ती खात्री पटली. वहिनींनी फंडातले पैसे काढले, बँकेतले घातले आणि गाळा स्वतःच्या नावावर केला. पूजेच्या दिवशी मी मुद्दाम नवी स्टीलची वाटी घेऊन गेले, कागदाशिवाय. गर्दी ओसरल्यावर त्यांना म्हटलं, "वहिनी, त्या लाल रेघेवर भरवसा ठेवलात, म्हणून मला इतकी वर्षं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

त्यांनी वाटी शेगडीजवळच्या फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, मला गाळाच दहा वर्षांनी हवा होता, मी वरची ओळ कशाला वाचू? पहिल्याच दिवशी दहा वर्षांची वाचली, नि खालची ती बारीकवालीसुद्धा. बाजार पडला तेव्हाच तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही पिशवी घेऊन बी विंगेत शिरायचात ते आमच्या ओट्यावरनं नीट दिसायचं, नि पोळ्या लाटताना मला दुसरी करमणूक नव्हती."