फाट्यावरची शेतं

"बांधावर जाऊन आलास का?" ताई खुर्ची ओढायच्या आधीच विचारायच्या, अन् चपलांचा चिखल आमच्या पायपुसण्यावर घासायच्या. परभणीतलं आमचं ऑफिस तीन खोल्यांचं, फरशी चकचकीत. तुम्हीच सांगा, कुणाला राग येणार नाही?

दोन वर्षं त्या माझ्या शेजारी बसून कोड लिहीत होत्या. आमच्यात सगळ्यात हुशार. मग त्या प्रॉडक्ट मॅनेजर झाल्या, म्हणजे ॲपमध्ये काय हवं, काय नको हे ठरवणाऱ्या. त्यांची खुर्ची मला मिळाली. साहेबांनी मात्र ताईंना बजावलं, "एक हंगाम देतो. नाही जमलं तर परतीची जागा नाही."

ताई मूळच्या पालमच्या. एसटीनं गंगाखेडला जायच्या, तिथून पुढं पायी. शेतकऱ्याजवळ बसून विचारायच्या, "मामा, मोबाइल कवा बघता तुमी?" आम्ही मागं कुजबुजायचो, "ताई कोड सोडून गावं हिंडायल्यात."

ॲप ऊसतोडीचं होतं. शेतकऱ्यानं नोंद केली की त्याच्या फोनवरून शेताची जागा टिपायची, अन् तोडणीची टोळी थेट तिथं पाठवायची. हे काम माझं. ताईंनी नेहमीसारखं विचारलं, "बांधावर जाऊन आलास का?"

"आलो की."

कुठला जातोय! मी खुर्चीतच बसून तपासलं होतं.

हंगामाच्या आदल्या सकाळी साहेबांनी नकाशा उघडला. शेकडो शेतं, सगळी एकाच ठिकाणी: फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात. शेतात रेंज नाही, म्हणून लोकांनी चहा पिता पिता तिथूनच नोंदी केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या टोळ्या कोयते घेऊन त्या हॉटेलवर उतरणार होत्या. कुणीही हसलं नाही.

"चूक कुणाची?" साहेबांनी विचारलं.

ताईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. माझ्या घरी नुकतंच बाळ झालं होतं, तेही त्यांना ठाऊक होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

"माझी," त्या म्हणाल्या. "उद्या सुरू करू नका, साहेब. आठ दिवस द्या. शेत न् शेत फिरून टिपते."

आठही दिवस त्या पहिल्या एसटीनं गेल्या. मी सोबत निघालो तर म्हणाल्या, "तू कोड नीट कर." बस्स, तेवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

पुढं एकही टोळी चुकली नाही. पण साहेबांना तो उशीर विसरता आला नाही. हंगाम संपला तसा ताईंनी डबा पिशवीत टाकला अन् म्हणाल्या, "बाळाला जप." मी तेव्हाही गप्पच. लाज वाटते, अजून वाटते.

आता त्यांचं काम माझ्याकडं आहे. परवा गंगाखेडच्या पुढं एका बांधावर गेलो. म्हातारे मामा माझ्यामागं वाटेकडं बघत राहिले.

"त्या ताई न्हाई आल्या का?"

"न्हाई, मामा. त्यांचं काम गेलं."

"कामून?"

"माझ्यामुळं," मी म्हणालो.

त्या दिवशीही एवढंच म्हणायचं होतं.