भाऊसो पोस्टमनचा पाय

भाऊसो कांबळे एकोणतीस वर्षं कोल्हापुरात टपाल वाटत होते. त्यातली पहिली वीस पायी. एवढ्या वर्षांत आपण एकदाही कुठं पडलो नाही, हे ते कुणी न विचारता सांगत. मी त्याच पोस्टात क्लार्क, त्यामुळं मला ते दर आठवड्याला ऐकावं लागे.

१९९८ च्या जूनमध्ये ते पडले. फूटपाथवरची एक फरशी गायब होती आणि त्या जागी कुणीतरी पोतं अंथरलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत गटारात गेला, घोट्याच्या वर हाड मोडलं.

लोकांनी त्यांना उचलून दवाखान्यात नाही, तालमीत नेलं. आमच्याकडं हाड मोडलं की आधी वस्ताद आठवतो. केरबा वस्तादांनी हाड बसवलं, पट्ट्या बांधल्या आणि पैसे विचारल्यावर शिवी दिली. एक्स-रे नाही, सर्टिफिकेट नाही.

महापालिकेकडं भरपाईचा अर्ज मी लिहिला. कचेरीचं उत्तर आलं, 'अर्जदाराने पाहून चालणे अपेक्षित होते.' भाऊसोंनी ते दोनदा वाचलं.

"पैसं ऱ्हाऊ द्यात," ते म्हणाले. "चूक फूटपाथची हुती, एवढं लिहून द्या म्हणावं."

एवढ्यासाठी दोन वर्षं हेलपाटे घातले. शेवटी सुनावणी लागली, तेव्हा साहेबांनी इजेचा पुरावा मागितला. आम्ही वस्तादांनाच घेऊन गेलो. ही अक्कल माझी.

"पाय मोडला होता?" साहेबांनी विचारलं.

"व्हय की. दोन तुकडं."

"आता काही अधूपणा?"

वस्ताद उखडले. "माझ्या हातचं हाड अधू? पावणं, कुनाला इचारताय?"

साहेब भाऊसोंना म्हणाले, "चालून दाखवा."

भाऊसो लंगडत होते. पोस्टाचा जिना ते कठडा धरून चढत, मी रोज बघायचो. चार पावलं लंगडले असते तरी दावा पुढं सरकला असता. त्यांनी एकदा वस्तादांकडं पाहिलं आणि दारापर्यंत ताठ चालत गेले, तसेच परत आले. कपाळावर घाम होता.

'इजा आढळली नाही. अर्ज निकाली,' साहेबांनी लिहिलं. मला असा संताप आला की दोघांना तिथंच टाकून निघून जावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर वस्ताद खुशीत म्हणाले, "बघितलंसा न्हवं?" म्हशीची धार काढायची होती, म्हणून ते सायकलवर टांग टाकून निघाले. भाऊसो पायरीवर बसले आणि त्यांनी पाय दोन्ही हातांनी दाबून धरला.

"अहो, जरा लंगडायचं होतं की!" मी ओरडलोच.

"वस्तादाम्होरं?" ते म्हणाले. "ते कोपऱ्यावनं वळलं का बघा. मग द्या हात."