समोरच्या बाईंची यादी

ही हकीकत मी वीसेक वर्षं टाळली. बाईंचा विषय निघाला की त्यांचे विनोद सांगायचे आणि उठायचं, असं चाललं होतं.

गंगापूर रोडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या राहायच्या. शाळेत गणित शिकवायच्या. काठी टेकत यायच्या, बेल वाजवायच्या आणि दोन पावलं मागे सरून विचारायच्या, "ताप, खोकला, पुरळ? कुणाला काही?" नाही म्हटलं की मगच चप्पल काढायच्या. इमारतीत त्यांना 'जकात नाका' म्हणत. "माल तपासल्याशिवाय सोडत नाही मी," असं त्याही म्हणायच्या.

कारण विचारलं तेव्हा वर्गात शिकवावं तसं सांगितलं. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होता. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उठलेली; ती दाबायला रोज गोळ्या. "वॉचमनच चोर निघाला, म्हणून त्याला झोपवलाय. आता खरा चोर आला तर? गोवर मला लहानपणी आला नाही, आणि या गोळ्यांवर त्याची लस चालत नाही."

रविवारी आम्ही पेपरातलं शब्दकोडं सोडवायचो. त्यांच्याइतकं कुतूहल मी कुणात पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असेल तर भाग्यवान आहात.

त्या उन्हाळ्यात आमच्या नातीला गोवर आला. बायकोने आतल्या खोलीच्या दाराला कडुनिंब बांधला आणि बजावलं, "घरात आहे तोवर नाव काढायचं नाही." मी बँकेतला अधिकारी. तिला हसलो, आणि तिचंच ऐकलं.

रविवारी बाईंनी दारातून विचारलं. पुरळ उठून तीन दिवस झाले होते, ताप सकाळीच उतरला होता.

"ताप नाही कुणाला," मी म्हणालो. "या, आडवा सहावा अडलाय."

त्या आत आल्या.

दहा-बारा दिवसांनी त्यांना ताप भरला, मग न्यूमोनिया. अंगावर पुरळ उठलंच नाही, त्यामुळे गोवर ओळखायला डॉक्टरांना वेळ लागला. मला लहानपणी येऊन गेला होता, म्हणून हॉस्पिटलात भेटायला आत सोडलं. बाईंना धाप लागत होती, पण उशाशी वही होती. भेटलेल्या सगळ्यांची यादी.

"कुठून आला असेल हो? दूधवाला, रिक्षावाला, दहावी ब..." माझ्या नावावर काट होती. "तुमचं खोडलं. तुम्हाला विचारलं होतं ना मी."

"बाई, त्या रविवारी..."

"बोला की! काही आठवलं?"

चार दिवसांनी बाई गेल्या. पण त्या दुपारी त्या पेन उचलून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मी म्हणालो, "काही नाही. तुम्ही बोलू नका, दम लागेल."