कापूरहोळच्या पुढे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत रणपिसे बाई एखादी गोष्ट बोलल्या की ती झालीच म्हणून समजायचं. जया रणपिसे शाळेत विज्ञान शिकवतात, पन्नाशीला टेकल्या आहेत. एका वर्षी भर स्टाफरूममध्ये म्हणाल्या, माझ्या वर्गातलं एक जरी पोर विज्ञानात नापास झालं तर चहा सोडीन. एक झालं. बाई आजतागायत चहा पीत नाहीत, आणि त्यांच्यासमोर कप उचलताना आपल्यालाच अपराधी वाटतं.

म्हणून त्यांनी सायकल देऊन टाकायची भाषा केली तेव्हा मी मनातून खूश झालो. मी अभय, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. निवृत्त आणि सायकलवेडा. बाईंची सायकल हलकी, गिअरची, नजर ठेवावी अशी. आमच्या गटाची रीत अशी की पहाटे निघून वाईला जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. जमलं तो पक्का सायकलवाला, बाकी सगळे हौशी. बाई दोनदा निघाल्या आणि दोन्ही वेळा परतताना कापूरहोळला ढेपाळल्या. दुसऱ्यांदा टेम्पोतून सायकल उतरवतानाच मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी नाही जमलं तर ही तुमची, अभयराव."

मी सभ्य माणूस. "छे छे, असं काय म्हणता," म्हणालो. जिन्याखालची अडगळ मात्र त्याच संध्याकाळी हलवून सायकलपुरती जागा मोकळी केली.

त्यांचं ढेपाळणं हे खरं तर कोडंच होतं. त्यांचे वडील कचरू जन्मभर सायकलने खडकीच्या कारखान्यात गेले. त्याच सायकलवर बाई कैची मारत शिकल्या. जाताना खंबाटकीचा घाट माझ्या पुढे चढायच्या. परतीला मात्र पोटात कळा, आणि पायांत काही उरायचंच नाही. दोष त्यांनी जेवणाला दिला. पहिल्या फेरीनंतर उसळ बंद केली, दुसरीनंतर भाकरी आणि दही. उरला साबुदाणा, पाव आणि ग्लुकोजची बिस्किटं. हुशार माणसं स्वतःची उपासमारसुद्धा हुशारीने करतात.

आणखी एक गोष्ट त्या करायच्या, पण ती सगळेच करतात म्हणून कुणाला खटकली नाही. मोठ्या फेरीआधी अँटिबायोटिकचा एक कोर्स. झालेलं काही नसायचं. ऐन वेळी घसा धरू नये, पोट बिघडू नये, म्हणून आधीच बंदोबस्त. आपल्याकडे लोक लग्नाला गावी निघतानाही असा कोर्स मारून घेतात. दुकानात नाव सांगितलं की पट्टी मिळायची. या खेपेला दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी मागितली आणि बाई तणतणत कोपऱ्यावरच्या डॉक्टर निकिताकडे गेल्या. निकिता त्यांचीच विद्यार्थिनी. तिथे काय झालं ते बाईंनीच मला सांगितलं.

"कशासाठी हवीय गोळी, बाई?"

"सायकलसाठी."

निकिताने पेन खाली ठेवलं. "नववीत तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. उपयुक्त सूक्ष्मजीवांची नावं येत नव्हती म्हणून."

"मग? आता येतात ना?"

"येतात. तुम्ही त्यांनाच मारताय."

मग तिने बाईंना त्यांचाच धडा शिकवला. अँटिबायोटिक दिलेले उंदीर पळताना लवकर दमतात, आणि आतड्यातले जिवाणू पुन्हा वाढू दिले की पुन्हा पळतात, असं प्रयोगांत दिसलंय. भाकरी-उसळीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो हे जिवाणू खातात, आणि त्यातून जे तयार करतात ते लांबच्या पल्ल्यात शरीराला इंधन म्हणून कामी येतं. "माणसांच्या बाबतीत अजून सगळं पक्कं नाही," ती म्हणाली. "पण गरज नसताना गोळी नको, हे पक्कं आहे. तुमच्या त्या कळाही कदाचित गोळीच्याच असतील."

बाईंनी घरी येऊन रागारागाने मटकी भिजत घातली. मग भाकरी आली, ताक आलं. सुरुवातीला गॅसने हैराण झाल्या. हे त्यांनी मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. काही महिने असे गेले आणि पुढे ढकललेली तिसरी फेरी त्यांनी पुन्हा ठरवली.

आदल्या संध्याकाळी त्यांचा घसा धरला. मी पंप मागायला वर गेलो होतो. त्यांचे यजमान बुद्धभूषण यांनी कपाटातून जुनी उरलेली पट्टी काढली. "जया, घे की. सायकल जाईल नाहीतर." बाईंनी निकिताला फोन लावला. ताप नव्हता, खोकला नव्हता. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, सकाळी बरं वाटलं तरच निघा, असं ती म्हणाली.

बाईंनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. वडिलांच्या मागे त्यांना जगात काय आवडत असेल तर ही सायकल, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि जिन्याखालची ती मोकळी जागा आठवून लाज वाटली. मग त्यांनी पट्टी नवऱ्याच्या हातात परत दिली. "नको. वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

दुसऱ्या दिवशी गुडघ्यामुळे मी फेरीला गेलो नाही. ऊन उतरल्यावर स्कूटर काढून कात्रजच्या जुन्या बोगद्याशी जाऊन थांबलो. बाईंच्या काळजीने, असं मी बुद्धभूषणना सांगितलं, आणि त्यात थोडं खरंही होतं. सूर्य टेकला तेव्हा गटातले पहिले दोघं बोगद्यातून बाहेर पडले.

"रणपिसे बाई कुठायत?"

"त्या? त्या केव्हाच पुढे गेल्या. आम्ही कापूरहोळला चहाला थांबलो, त्या कशाला थांबतील?"

मी येण्याआधीच त्या बोगदा पार करून गेल्या होत्या. हा पराक्रम मटकीचा, गोळी न घेतल्याचा की पाठीवरच्या वाऱ्याचा, ते शास्त्रज्ञांनी ठरवावं. मी घरी पोचलो तेव्हा बाई जिन्याच्या पायरीवर बसून भाकरी खात होत्या. आवाज पार बसला होता. मला इतका आनंद झाला की मला माझंच नवल वाटलं.

"अभयराव," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "जिन्याखाली जागा छान केलीत. सायकल तिथेच लावलीय. माझी."