मोंबासाचा अर्ज

गिरगावातल्या आमच्या टायपिंग क्लासात ते नोकरदारांना व्यापारी इंग्रजी शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. जन्मभर डिक्टेशन दिल्यामुळे चहा मागतानाही ते म्हणत, "एक चहा, कॉमा, साखर कमी, फुलस्टॉप." एडन, बगदाद, मोंबासा, जिथे कुठे कारकुनांना हेच शिकवायला माणूस हवा असे, तिथे ते अर्ज धाडत. टाईप मी करायचो. उत्तर बहुधा येतच नसे.

मोंबासाला त्यांचा अर्ज गेला त्याच आठवड्यात त्यांचा एक विद्यार्थी, परळच्या गिरणीतला कारकून, त्याच जागेसाठी कच्चा अर्ज लिहून घेऊन आला. मास्तरांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि स्वतःचाच अर्ज त्याच्या नावाने मला तोंडपाठ सांगू लागले. खाली रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. घोषणा ओसरेपर्यंत ते थांबत आणि मग पुढचं वाक्य देत. माझे हात थबकले.

"अहो मास्तर, पण ही जागा तर तुम्ही..."

"टाईप कर रे. तो अजून तिशीत आहे."

मला त्यांचा रागच आला, पण टाईप केलं.

जागा त्यालाच मिळाली. सहा महिन्यांनी त्याचं इंग्रजी पत्र आलं. 'अर्ज कसा लिहावा हे शिकवताना मी इथे तुमचाच अर्ज फळ्यावर लिहितो,' असं त्यात होतं.

मास्तरांनी लाल पेन्सिलीने पत्रातल्या दोन चुका दुरुस्त केल्या, चष्मा पुसला.

"नवा कागद लाव," ते म्हणाले. "एडनला लिहू. मात्र आता मजकूर बदलावा लागेल."