भोंग्यासाठी आवाज

डिंडोलीतले आमचे शेजारी कापडाच्या लूमवर काम करतात. मशिनच्या खडखडाटावरून बोलायची सवय इतकी, की "जेवलात का?" हेसुद्धा ओरडूनच विचारतात. बायकोच्या हातच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, विकायचे, म्हणून हातगाडीवरच्या भोंग्यासाठी त्यांची जाहिरात मोबाईलवर रेकॉर्ड करायची होती. मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, तर गृहस्थांच्या तोंडून शब्दच फुटेना.

"इतल्या शांततामा काय बोलू, भाऊ?"

शेवटी कारखान्यात, चालू लूमजवळ उभे राहून बोलून आले. एडिटिंग करताना मी खडखडाट कमी केला की तेही नाहीसे होत. नाद सोडला आणि तसंच भोंग्यावर लावलं. मला एक शब्द कळला नाही. त्यांच्या बायकोने मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

"आज बरा हळू आवाज शे तुमना," ती त्यांना म्हणाली.